शिरोरेघ तुटते, पहिला काना उमटत नाही : अडखळणाऱ्या शाईपेनाचं काय करायचं

ओळखीपाळखीतून माझ्याकडे जी शाईपेनं ‘जरा बघ ना’ म्हणून येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच : चालतं, पण मधेच दगा देतं. तक्रारीबरोबर निदानही तयार असतं. निब गेली! खरं तर निब गेलेली फार क्वचित असते. दोष असतो टोपणात, निबेखाली वाळलेल्या शाईत, कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून भरायच्या नळीत) अडकलेल्या हवेत, नाहीतर चक्क लिहिणाऱ्याच्या तळहातात. पण पेन माझ्या हाती येईपर्यंत कुणीतरी निबेवर नखाचा, ब्लेडचा किंवा पॉलिश पेपरचा प्रयोग करून मोकळं झालेलं असतं, आणि मग ती खरोखरच गेलेली असते.

म्हणून खालचा क्रम. फुकटच्या, परत फिरवता येणाऱ्या गोष्टी आधी. धातूला हात सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच बदल करायचा. शाई, कागद, कन्व्हर्टर सगळं एकदम बदललंत तर पेन कदाचित सुधारेल, पण कशानं सुधारलं ते कळणार नाही आणि महिन्याभरात पुन्हा तोच घोळ.

आधी लक्षण ओळखा

एका कोऱ्या कागदावर एक ओळ नुसत्या कान्यांची काढा, प्रत्येक कान्यानंतर पेन उचलून. दुसरी ओळ लांबलचक शिरोरेघांची. तिसरी आडव्या पडलेल्या इंग्रजी आठांची, न थांबता. देवनागरी लिहिणाऱ्याला निब तपासायला याहून चांगली कसोटी नाही. काना वरून खाली येतो तेव्हा हाताचा भार पडून निबेच्या दोन पाकळ्या किंचित फाकतात आणि शाई सहज उतरते. शिरोरेघेत तो भार नसतो. शिवाय आपल्यातले बरेच जण ती अख्खा शब्द झाल्यावर, पेन उचलून, नव्यानं काढतात. त्यामुळे पेन जरा कोरडं पडलं की आधी तुटते ती शिरोरेघ.

आता बघा, यातलं काय जुळतं :

- रात्रभर बंद असलेलं पेन सकाळी सुरूच होत नाही, पण एकदा चाललं की दिवसभर छान. संशय टोपणावर.
- सुरुवात उत्तम, दोन-चार ओळींनंतर शाई फिकट होत होत आटते. पाच मिनिटं ठेवलं की पुन्हा चालतं. शाईचा पुरवठा कमी पडतोय : फीड (निबेखालचा खाचांचा तुकडा) तुंबलंय किंवा कन्व्हर्टरमध्ये हवा अडकलीय.
- निब ओली दिसते, तरी पहिला काना अर्धा उमटतो. उरलेलं अक्षर ठीक. पेन उचललं की पुन्हा तेच. हा टोकाच्या घडणीचा दोष, आणि सगळ्यात चिवट.
- फक्त एकाच दिशेला रेघ तुटते, बहुधा थोडं खरखरतंही. पाकळ्या वरखाली झाल्यात किंवा पेन हातात वळतंय.
- पानाच्या वरच्या भागात चालतं, खाली अडखळतं. पेन निर्दोष आहे.
- आधी डाग पडतो, मग कोरडं, मग पुन्हा डाग. कुठून तरी हवा शिरतेय.

जोरात दाबल्यावर एका रेघेच्या दोन समांतर रेघा होऊन मधली जागा कोरी राहते, रेल्वेच्या रुळांसारखी, ते या यादीत धरू नका. तो आजार नाही, तुम्ही जास्त दाबताय.

फुकटच्या तपासण्या

पेन उघडून शाई आहे का ते बघा. हसू नका, अपारदर्शक पेनात हे होतंच. कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार भरलेली नळी, असेल तर ती नीट टोचली गेली आहे का, कन्व्हर्टर असेल तर शेवटपर्यंत घट्ट बसला आहे का, हेही बघून घ्या. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बाजूनं हवा घेतो, आणि वरच्या यादीतलं ‘डाग, मग कोरडं’ तिथूनच येतं.

मग कागद. शाईपेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते. गुळगुळीत, मेणचट किंवा चकचकीत लेप असलेल्या कागदाला ती धरत नाही. हाताच्या तळव्याचा घामट तेलकटपणाही तेच करतो. पानाच्या खालच्या भागावर आपण लिहिण्याआधीच तळवा फिरून गेलेला असतो, म्हणून पेन वर चालतं आणि खाली रुसतं. उपाय म्हणजे हाताखाली टीपकागदाचा किंवा साध्या कागदाचा तुकडा. हात धुऊन दुसऱ्या जातीच्या कागदावर पेन बिनतक्रार चाललं, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

आता पेन धरण्याची पद्धत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कुणालाच ऐकायला आवडत नाही. बॉलपेनची शाई दाट असते आणि टोकातली गोळी फिरल्याशिवाय ती उतरत नाही, म्हणून आपण दाबायला शिकतो. त्या सवयीनं पेन उभं धरलं जातं आणि लिहिता लिहिता बोटांत थोडं थोडं वळत जातं. शाईपेनाला दाब नको, कागदाशी साधारण ४५ अंशांचा कल हवा आणि निबेची चीर बरोब्बर वर, आकाशाकडे तोंड करून हवी. पेन वळलं की एकच पाकळी कागदाला लागते, दुसरी हवेत. चिरेतून आलेली शाई कागदापर्यंत पोचायला दोन्ही पाकळ्या टेकायला हव्यात. अर्धं पान लिहा आणि आहे त्या अवस्थेत हात थांबवून निबेकडे बघा. चीर तिरकी दिसली तर कुणाला दोष द्यायचा ते तुम्हीच ठरवा. डावखुऱ्यांपैकी जे निब ढकलत लिहितात, त्यांना थोडी ओली, म्हणजे सढळ वाहणारी, शाई आणि जाड निब लवकर मानवते.

टोपण

सकाळी सुरू न होणाऱ्या पेनात निबेच्या टोकावरची शाई रात्रभरात वाळलेली असते. पाणी उडून जातं, रंग मागे राहतो आणि चिरेच्या तोंडाशी त्याची खपली धरते. चांगल्या टोपणात निबेभोवती आतलं एक छोटं टोपण असतं आणि हवा बंद करायचं खरं काम तेच करतं. बाहेरून दिसणारं छिद्र असेल तर लगेच घाबरू नका, आतलं टोपण शाबूत असेल तर त्या छिद्रानं काही बिघडत नाही. प्लॅटिनमच्या ३७७६ सेंच्युरी या २०११ साली आलेल्या पेनात तर आतल्या टोपणाला स्प्रिंग दिली आहे, आणि न वापरता ठेवलं तरी शाई दोन वर्षं टिकते असा कंपनीचा दावा आहे. यावरून टोपणाचं महत्त्व कळावं.

तपासणी सोपी आहे. एका रात्री पेन नेहमीसारखं ठेवा. दुसऱ्या रात्री टोपणावरची छिद्रं, क्लिपची खाच आणि टोपण जिथे पेनाला मिळतं तो सांधा, सगळं साध्या चिकटपट्टीनं बंद करून त्याच जागी ठेवा. दुसऱ्या सकाळी पेन पटकन चाललं तर दोष सापडला. आतलं टोपण बहुतेक वेळा उभं तडकलेलं असतं. जुळणारं टोपण मिळालं तर बदला. नाही मिळालं तर ते पेन रोजच्या लिहिण्यासाठी ठेवा, रोज चालणाऱ्या पेनाला ही खोड फारशी जाणवत नाही.

धुणं

अर्ध्याहून जास्त पेनं इथेच बरी होतात, तरी लोक हे टाळतात. का, मला आजवर उमगलेलं नाही.

निबेखालचा तो काळा, खाचांचा तुकडा म्हणजे फीड. आपण शाळेत त्याला जीभ म्हणायचो. शाई टाकीतून निबेपर्यंत आणायची आणि तेवढीच हवा वर सोडायची, अशी दोन कामं तो एकाच वेळी करतो. लुईस वॉटरमननं १८८४ साली ज्याचं पेटंट घेतलं ती युक्ती हीच : बारीक चिरांतून शाई खाली, हवा वर. हवा वर जाऊ शकली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि शाई खाली यायला नकार देते. औषधाच्या बाटलीला एकच बारीक भोक पाडून ती उलटी धरा, तसंच. म्हणून फीडमधली एखादी चीर वाळल्या शाईनं बुजली तरी पेन दोन ओळी लिहून आटतं.

साधं, गार किंवा अगदी कोमट पाणी घ्या. गरम नको. प्लॅस्टिक वाकतं, आणि जुन्या पेनात एबोनाइट (कडक रबर) असेल तर त्याचा रंग उडतो. कन्व्हर्टरनं पाणी ओढा-सोडा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पण पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे पेन स्वच्छ झालं असं समजू नका. निबेचा भाग रात्रभर ग्लासातल्या पाण्यात उभा ठेवा आणि सकाळी बघा, तळाशी रंगाचा ढग उतरलेला असतो. नाक साफ करायचा रबरी फुगा मागच्या तोंडाला लावून पाणी दाबलं तर काम दहापट लवकर होतं. शेवटी निब घडी केलेल्या टिश्यूवर टेकवून ठेवा. टिश्यूवर निळं-काळं उमटायचं थांबलं की धुणं संपलं. निब सोडून धातूचा, लाकडाचा किंवा जुन्या केसिनचा (दुधापासून बनवलेल्या प्लॅस्टिकचा) भाग मात्र भिजत घालायचा नाही.

नवं कोरं पेन अडखळत असेल तर ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवरूप साबणाचा एकच थेंब टाका, त्यानं धुवा आणि मग साध्या पाण्यानं भरपूर खळबळा. कारखान्यातून येताना निबेवर आणि फीडवर यंत्राच्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो, आणि तेलावर शाई टिकत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर घरगुती अमोनिया एक भाग, पाणी दहा भाग, साबणाचा थेंब. अर्धा तास पुरे. पितळी भाग असतील तर हे करू नका, अमोनिया तांबं खातो. ब्लीच आणि अमोनिया चुकूनही एकत्र आणू नका, विषारी वायू तयार होतो. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिक विरघळवतात, त्यांना लांबच ठेवा. आणि पेनात आयर्न गॉल शाई, म्हणजे लोहयुक्त शाई असेल तर अमोनियाचा उपयोग उलटा होतो, लोहाचा गाळ आणखी बसतो. तिथे पाण्यात चिमूटभर व्हिटॅमिन सी विरघळवून थोडा वेळ ठेवायचं आणि लगेच नीट धुऊन काढायचं.

ड्रॉइंगची इंडिया इंक कुणी भरली असेल तर प्रकरण गंभीर आहे. तिच्यात लाख असते. ती फीडमध्ये वाळली की साध्या पाण्याला दाद देत नाही.

धुतल्यानंतरचं पहिलं पान फिकट आलं तर तो दोष मानू नका. फीडमध्ये उरलेलं पाणी आहे ते.

शाई आणि कन्व्हर्टर

धुऊनही अडखळतंय? मग एक कसोटीची शाई ठरवा आणि कायम तीच वापरा. माझी वॉटरमनची साधी निळी आहे. ती सगळ्यात सुंदर आहे असं मुळीच नाही, पण ती बहुतेक पेनांत शहाण्यासारखी वागते. शायांचा स्वभाव वेगवेगळा असतो. पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू जरा कोरडी वाहते, पायलटची इरोशिझुकू मालिका ओली. कंजूष निबेत कोरडी शाई घातली की ती रुसते आणि उधळ्या निबेत ओली शाई घातली की पानामागे उतरते. चमचमणाऱ्या कणांच्या आणि पिगमेंटच्या शाया लवकर साचतात. त्या वापरायच्या तर धुणं वारंवार, हा सौदा आधीच मान्य करायचा. मला स्वतःला चमचमती शाई आवडत नाही, त्यामुळे या बाबतीत माझा सल्ला थोडा एकतर्फी समजा.

कन्व्हर्टरसाठी एक तपासणी आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. पेन आटलं की मागची खुंटी फिरवून निबेवर शाईचा थेंब आणा, टिपून घ्या आणि लिहा. ओळ-दोन ओळी झकास चालून पुन्हा आटलं तर पुरवठा कमी आहे. निब ओलीचिंब असूनही पहिला काना गायब असेल तर दोष निबेच्या टोकात आहे.

पुरवठा कमी निघाला तर कन्व्हर्टर उजेडात धरा. बऱ्याचदा शाई मागच्या बाजूला चिकटून बसलेली दिसते आणि पुढे हवेचा फुगा. अरुंद नळीत शाईचा पृष्ठताण तिला खाली घसरू देत नाही. काही कन्व्हर्टरमध्ये एक छोटी गोळी किंवा स्प्रिंग असते ती हा ताण मोडण्यासाठीच. तुमच्यात नसेल तर साबणाच्या पाण्यानं आतून धुवा. पुन्हा तेच झालं तर कार्ट्रिज लावून बघा. कार्ट्रिजवर पेन चाललं तर नवा कन्व्हर्टर घ्या, विषय संपला.

भिंग घेऊन निबेकडे

इथपर्यंत येऊन पेन सुधारलं नसेल तरच पुढे जायचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. त्याशिवाय निबेला हात लावणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं.

निब समोरून, टोक आपल्या डोळ्याकडे करून बघा. टोकाशी कठीण धातूचा इवलासा मणी असतो, मधल्या चिरेनं दुभागलेला. दोन्ही अर्ध्या भागांची पातळी एक हवी. एक वर, एक खाली दिसला तर एका दिशेला खरखर आणि रेघ तुटणं हे दोन्ही समजून येतं. स्टीलची निब असेल तर वरची पाकळी अंगठ्याच्या नखानं हलकेच खाली दाबा, पाच सेकंद, आणि पुन्हा भिंगातून बघा. स्टील परत उसळतं, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं. जोर वाढवायचा नाही, खेपा वाढवायच्या.

मग निब उजेडासमोर धरून चीर बघा. निबेच्या मधल्या छिद्रापाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली चीर चांगली. टोकाशी पाकळ्या एकमेकींना घट्ट आवळून बसल्या असतील तर शाईला वाटच नाही. ०.०५ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा मिळतो, तो छिद्राच्या बाजूनं चिरेत घालून टोकाकडे ओढा, दाताचा दोरा फिरवतो तसा. बाहेर येतो तो वाळका रंग आणि कागदाचे तंतू, पाहण्यासारखी गोष्ट असते. ब्लेड नको, ते जाड असतं आणि धातू खरवडतं. उलट चीर टोकाशीच रुंद झाली असेल तर शाई टोकापर्यंत चढत नाही, आणि ती फट बंद करणं नखाचं काम नाही.

बाजूनं बघा, निब आणि फीड यांच्यामधून उजेड दिसतो का. प्लॅस्टिकचं फीड असेल आणि तुमच्या पेनाची निब सहज निघणारी असेल, लॅमी सफारीत जशी पुढे सरकवून निघते, तर काढून नीट बसवा. एबोनाइटचं फीड गरम पाण्यात मऊ करून निबेला बसतं करतात. ते ज्यांना येतं त्यांनीच करावं.

बेबीज बॉटम, आणि माझी चूक

निब ओली आहे, पाकळ्या सरळ आहेत, कागद चांगला आहे, तरी पहिला काना येत नाही. चिरेच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्यामुळे मण्याच्या दोन्ही अर्ध्या भागांमध्ये एक खळगा झालेला असतो. शाई त्या खळग्याच्या वरच अडते आणि कागदाला टेकतच नाही. आकारावरून याला बेबीज बॉटम म्हणतात. जरा दाबलं की पाकळ्या फाकतात आणि रेघ सुरू होते. खडबडीत कागदावर त्रास कमी होतो, कारण कागदाचे तंतूच वर येऊन शाईला हात देतात. ही दोन लक्षणं जुळली तर निदान पक्कं.

हा दोष मी स्वतः एका चांगल्याभल्या निबेत तयार केला. ती थोडी खरखरत होती. १२००० क्रमांकाच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक पॉलिश पेपरवर) मी आठ काढत बसले, चार काढायचे तिथे चाळीस. निब लोण्यासारखी झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर अर्धवट. घासून कमी केलेला धातू परत लावता येत नाही. हा दोष काढायला आणखी धातू काढावा लागतो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा, आणि जास्त झाला तर मणीच संपतो.

इथे थांबा

बेबीज बॉटम असेल तर थांबा. सोन्याची निब असेल तर भिंगातून बघण्यापलीकडे काही करू नका. १४ कॅरट सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं, वाकलं की वाकलेलंच राहतं. छिद्रापासून निघालेली तडा, पडून वाकलेली निब, मणी गळालेली पाकळी, जुन्या पेनातली चिकट झालेली रबरी पिशवी, अडकलेला पिस्टन, हे सगळं कारागिराचं काम. पार्कर ५१ सारख्या झाकलेल्या निबेच्या पेनात पुढचं आवरण काढल्याशिवाय काही दिसतही नाही, आणि ते काढताना पेन तडकू शकतं. आजोबांचं पेन असेल तर मी धुण्यापुढे जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

साधी स्टीलची निब असेल आणि तिची सुटी निब मिळत असेल तर कारागिराकडेही जाऊ नका, नवी निब बसवा.

कारागिराकडे पेन देताना ते रिकामं आणि धुतलेलं द्या. सोबत तीन गोष्टी द्या : कोणती शाई भरता, काय काय करून पाहिलंत त्याची प्रामाणिक यादी (नखाचा प्रयोगसुद्धा), आणि तुमच्याच कागदावर, तुमच्याच हातानं काढलेली कान्यांची आणि शिरोरेघांची ती दोन ओळींची परीक्षा. दुरुस्त होऊन आलं की त्याच कागदावर, खालच्या ओळीत, पुन्हा काढून बघा.